खंडेनवमीला बंद केलेली घंटा

आजच्या या सभेचं अध्यक्षस्थान ज्यांनी भूषवलं आहे ते आपल्या संस्थेचे अध्यक्ष माननीय सावळाराम आप्पा, व्यासपीठावर विराजमान असलेल्या आपल्या प्राचार्या डॉक्टर शेफाली मॅडम, संस्थेचे सन्माननीय विश्वस्त, माझे प्राध्यापक बंधू-भगिनी, कार्यालयातले सहकारी, पहिल्या रांगेत अवघडून बसलेली माझी पत्नी सौभाग्यवती नूतन, मागच्या दाराशी उभे राहून हे कधी संपतंय म्हणून मोबाईलमध्ये डोकावणारे माझे विद्यार्थी मित्र, आणि सभागृहाच्या बाहेर असूनही ज्यांना माझं भाषण ऐकावं लागतंय अशा सर्वांना या सोमेश्वरचा नमस्कार.

बाहेरच्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला. आपल्या मंडपवाल्यानं एक कर्णा फाटकाकडे तोंड करून बांधला आहे. मी सकाळी त्याला म्हटलं, अरे, सभागृह केवढं, माणसं किती, कर्णा कशाला? तर म्हणाला, "सर, कर्णा लावल्याशिवाय कार्यक्रम झाल्यासारका वाटत न्हाई." मी वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या जास्तीच्या यंत्राबद्दल मला बरं वाटलं. का, ते ओघानं येईल.

माझ्याआधी सर्वजण माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. इतकं चांगलं की मला मधेच वाटलं, निवृत्त होणारा दुसराच कोणी आहे आणि मी त्याच्या खुर्चीत बसलोय. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि तरुण सहकाऱ्यांनी वर्गणी काढून हे मनगटी घड्याळ दिलं. आपल्या आजच्या सूत्रसंचालक प्रेरणा मॅडमनी ते माझ्या मोबाईलला जोडूनही दिलं. मघाशी शाल पांघरताना ते थरथरलं. मला वाटलं शॉक बसला. बघतो तर घड्याळ म्हणतंय, 'बराच वेळ बसून आहात, जरा उभे राहा.' आता तुम्हीच सांगा, सत्काराच्या खुर्चीतून माणूस मधेच कसा उठणार? वेळ सांग म्हटलं की वेळ सांगायची, एवढं काम असलेलं घड्याळ आता मिळत नाही का? पण दिलंय प्रेमानं. घालीन. तक्रार करीन आणि घालीन. यंत्रांच्या बाबतीत माझं आयुष्यभर असंच चाललंय.

मी मूळचा गुंजवण्याचा. रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केली, मग टीव्ही, मग पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स, आणि मग इथं वेल्ह्याला आपल्या कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायला. तेव्हा कॉलेजात दोन कॉम्प्युटर होते. त्यांना वेगळी खोली, खोलीला पडदे, आणि आत चपला घालून जायला बंदी. देवघरापेक्षा कडक सोवळं. आज प्रत्येकाच्या खिशात त्या दोघांच्या शंभरपट ताकदीचं यंत्र आहे आणि ते घेऊन लोक कुठंकुठं जातात ते मी स्त्रियांच्या उपस्थितीत सांगत नाही.

माझा छंद सगळ्यांना माहीत आहे. भंगारात निघालेले कॉम्प्युटर गोळा करायचे, एकाची पाठ दुसऱ्याला, दुसऱ्याचं डोकं तिसऱ्याला, असं जोडून चालते करायचे. धरणात घर-शेत गेल्यावर आम्ही वरवे बुद्रुकला आलो. तिथं घरामागं गुरांसाठी म्हणून शेड बांधली. तिच्यात आजतागायत एकही जनावर आलं नाही. नूतन पाहुण्यांना सांगते, "आमच्या गोठ्यात बारा टीव्ही बांधल्यात, एक बी दूद देत न्हाई." ते टीव्ही नाहीत, जुने मॉनिटर आहेत, हे मी तिला लग्नापासून सांगतोय.

आणि माझा राग? तोही सगळ्यांना माहीत आहे. प्रिंटरवर माझा राग आहे. माणसानं चंद्रावर यान उतरवलं, पण सरळ कागद सरळ ओढणारा प्रिंटर त्याला जमला नाही. सरकारी अर्ज भरून घेणाऱ्या त्या संकेतस्थळांवर माझा राग आहे. फोटो यापेक्षा मोठा नको, त्यापेक्षा लहान नको, सगळं जमवून आणावं तर म्हणणार तुमची वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. पासवर्ड बदलायला लावणाऱ्यांवर राग आहे, आणि बदललेला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी मॉनिटरलाच चिकटवणाऱ्या माझ्या लाडक्या सहकाऱ्यांवर त्याहून जास्त. नावं घेत नाही. हसू नका सर, तुमचंच म्हणतोय.

खंडेनवमीचं तर विचारूच नका. तुम्ही सगळे भाविक. शस्त्रपूजेला कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावायला माझी कधी ना नव्हती. पण सीडी घालायच्या फटीत अक्षता टाकायच्या? कीबोर्डावर नारळ फोडायचा? एका वर्षी कार्यालयातला कीबोर्ड उलटा केला तर आतून नारळाचं पाणी, तांदूळ आणि झेंडूची पाकळी निघाली. मी तो उन्हात वाळवला आणि पुढं चार वर्षं तो चालला. त्याला देवाचीच कृपा म्हणायची.

आता राजकारणाबद्दल बोलतो. अध्यक्षसाहेब सावरून बसले, दिसतंय मला. घाबरू नका आप्पा, कुणाचंही नाव घेणार नाही. माझी मतं सगळ्या तालुक्याला पाठ आहेत. तालुक्याचं नाव बदललं, मी कॉलेजातल्या झाडून सगळ्या कॉम्प्युटरांत पत्ता बदलला, अभिमानानं बदलला. पण नाव बदललं तरी नेटवर्क तेच राहिलं. शिक्का नवा आणि ओटीपी यायला चढून बसायचा तोच तो टेकडीवरचा दगड. पुण्यात बसून बटण दाबून आमच्या इमारतींची उद्घाटनं होतात. ते बटण दाबतात तेव्हा इकडं पडद्यावर गोल गोल चक्र फिरत असतं आणि पाहुण्यांच्या टाळ्या आधी ऐकू येतात, फीत नंतर कापली जाते. ती चक्रं मी पाहिली आहेत, ते पाहुणे घामाघूम होऊन माझ्याकडे बघताना पाहिलेत. मी सरकारविरोधी आहे का? जे सरकार असेल त्याच्या थोडा विरोधी आहे. आमच्या खाचरावर आज धरणाचं पाणी आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमचा बांध दिसतो. माझ्या वडिलांना ज्या पुढाऱ्यानं पुनर्वसनाचा शब्द दिला त्याच्या मागं मी उभा राहिलो, त्याच्या वारसामागं उभा राहिलो. शब्द अजून तिथंच आहे.

आणि दुसऱ्या बाजूला आमचा हैबती.

नव्या मंडळींसाठी सांगतो. हैबती म्हणजे आपल्या फाटकावर असतो तो, घंटेचा हैबती. वरच्या धनगरवाड्यावरचा. लहानपणी मेंढरांमागं हिंडला, मग इथं शिपाई म्हणून लागला. आम्ही एकाच वर्षी लागलो. त्याला पाठिंबा दुसऱ्या पुढाऱ्याचा, कारण त्या पुढाऱ्यानं धनगरवाड्यापर्यंत रस्ता नेण्याचा शब्द दिला होता. तो शब्दही तिथंच आहे. म्हणजे आमचे दोघांचे पक्ष निराळे, अनुभव एकच. पण हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार?

एसटी स्टँडसमोरच्या गेनबाच्या टपरीवर आमचं रोज भांडण. रोज म्हणजे रोज. मी म्हणायचो तुझा पुढारी चोर, तो म्हणायचा तुझा दरोडेखोर. आवाज इतके चढायचे की नवीन बदलून आलेला एक फौजदार एकदा उठून आला होता. गेनबा त्याला म्हणाला, "साहेब बसा. ह्ये दोघं दोस्त हाईत. भांडल्याबिगर त्यास्नी चा पचत न्हाई." हैबती जिंकला की चहाचे पैसे मी द्यायचे, मी जिंकलो की त्यानं. कोण जिंकलं हे गेनबा ठरवायचा, आणि ज्याच्या खिशात त्या दिवशी पैसे असतील तो हरायचा.

त्या काळात हैबतीला दर तासाला घंटा मारायला लागायची. फाटकाजवळच्या जांभळीला रुळाचा तुकडा टांगलाय, त्याच्यावर हातोडा. चहा अर्धा टाकून पळायचा. मग मी त्याला म्हटलं, थांब, तुझी सोय करतो. आम्ही दोघांनी माझ्या शेडमधल्या भंगारातून एक कॉम्प्युटर जोडला. तारा मी ओढल्या, लाकडी पेटी त्यानं केली. त्याला विजेची घंटा जोडली. वेळापत्रक एकदा भरून दिलं की घंटा आपोआप वाजायची. हैबतीनं त्याचं नाव तोरण्या ठेवलं. बैलाला ठेवावं तसं. पहिल्या दिवशी त्यानं नारळ फोडला, मी बटण दाबलं, आणि तासाची घंटा आपली आपण वाजली तेव्हा हैबती मोठ्यानं ओरडला, "वाजला रं वाजला!" मुलं वर्गाबाहेर आली. त्या दिवसापासून तसंच ठरलं. दर खंडेनवमीला तोरण्याला बंद करायचं, हळदीकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. पूजेला लावलेलं हत्यार दसरा होईपर्यंत वापरायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. दसऱ्यानंतर कॉलेज उघडलं की सकाळी नारळ फोडायचा मान हैबतीचा, बटण दाबायचा मान माझा.

आता घंटा आपोआप वाजते म्हटल्यावर चहा पूर्ण प्यायला वेळ मिळायला लागला. भांडणं लांबली. फार चांगले दिवस होते ते. तेव्हा ते चांगले आहेत असं वाटलं नाही, एवढंच.

मग हैबतीनं मोबाईल घेतला. घेऊन माझ्याकडे आला. कॉलेजचा तो ग्रुप मीच तयार केला होता, त्यात त्याला मीच घातलं. आलेला मजकूर पुढं कसा पाठवायचा, तो बाण कुठं असतो, हे त्याचं बोट धरून मीच दाखवलं. मला वाटलं, केवढी सोय झाली.

विधानसभेच्या प्रचाराचे दिवस होते. खंडेनवमी तोंडावर आलेली. हैबतीनं माझ्या पुढाऱ्याचा एक फोटो ग्रुपवर टाकला. बदनामीचा फोटो होता. मी बघताक्षणी ओळखलं की जोडकाम आहे. सावल्या दोन दिशांना पडल्या होत्या. मी ते सिद्ध केलं. बाण काढून, गोल करून, क्रमवार सिद्ध केलं. तिथं थांबलो असतो तर चाललं असतं. पण खाली मी एक वाक्य लिहिलं. लिहिलं की मेंढरांमागं चालणाऱ्याला फोटोतली सावली काय कळणार. त्यावर त्यानं लिहिलं की तुझी जमीन धरणात गेली तेच बरं झालं, तुझ्यासारख्याच्या हातात राहून तरी तिचं काय झालं असतं.

ही दोन वाक्यं सगळ्या कॉलेजनं वाचली. काहींनी अंगठे दाखवले. माझ्या वाक्यालाही दाखवले, त्याच्याही. तुम्ही आता माना खाली घालू नका, मी कुणाला दोष देत नाही.

मला सांगा, हेच वाक्य मी टपरीवर बोललो असतो तर काय झालं असतं? त्यानं ग्लासातला चहा माझ्या अंगावर फेकला असता. फेकलाच असता. मग गेनबाला म्हणाला असता, "ह्याला दुसरा दे, ह्याचा सांडला." टपरीवर तोंड दिसतं हो. समोरच्याच्या डोळ्यांत काय चाललंय ते दिसतं, आवाज कुठं कापतोय ते कळतं. मोबाईलवर नुसती अक्षरं. ती कुठंही जात नाहीत. रात्री वाचली तरी तीच, सकाळी वाचली तरी तीच. माझ्या बुडालेल्या जमिनीबद्दल तो तसं बोलला हे मला सोसलं नाही, आणि त्याच्या बापजाद्यांच्या धंद्याबद्दल मी बोललो ते त्याला सोसलं नाही. मी बरोबर होतो, फोटो खोटाच होता. त्या बरोबर असण्याचं मी इतकी वर्षं काय केलं? काही नाही.

त्या खंडेनवमीला तोरण्या बंद केला. पूजा झाली. दसरा झाला, कॉलेज उघडलं. सकाळी मी तोरण्याच्या खोलीत वाट बघत बसलो की हैबती नारळ घेऊन येईल. तो फाटकावर वाट बघत बसला की मी बोलावीन. पहिल्या तासाची वेळ झाली. आणि मग जांभळीखालनं रुळाचा आवाज आला. हातानं मारलेली घंटा.

तेव्हापासून आजपर्यंत ती हातानंच वाजते आहे. आपल्याकडच्या नव्या प्राध्यापकांना वाटतं, कॉलेजची ती परंपरा आहे. मागं एक पाहुणे आले होते, ते म्हणाले, वा, तुम्ही जुनं जपलंय. कसलं जपलंय? दर तासाला सगळ्या कॉलेजला आमच्या दोघांचा अबोला ऐकू येत होता.

थांबा. जरा थांबा.

ऐकलंत? छोट्या सुट्टीची घंटा. अकरावी-बारावीचे तास चालू आहेत ना. आजच्या कार्यक्रमालाही त्याला बोलावलं होतं. प्रेरणा मॅडम स्वतः गेल्या होत्या. तो म्हणाला म्हणे, "म्या आलो तर घंटा कोण मारंल?" बरोबर आहे त्याचं. प्रश्न अगदी बरोबर आहे.

आता घंटा नीट ऐकली असेल तर तुमच्या लक्षात आलं असेल, ठोका दमदार नाही. पूर्वी हैबतीचा ठोका बाजारपेठेत ऐकू जायचा. गेल्या पावसाळ्यापासून आवाज बदलला. मी माझ्या खोलीत बसून ऐकत होतो आणि मला कळलं की हा डाव्या हातानं मारतोय. एक दिवस एसटीतून उतरताना पाहिलं, उजवा हात वर जात नव्हता, दांडी धरायला दुसऱ्यानं मदत केली. आणि मी काय केलं? माझ्या खोलीत जाऊन बसलो. माझ्यापासून तोरण्या पंधरा पावलांवर होता. त्याच्यात बिघाड काही नव्हता. फक्त बटण दाबायचं होतं.

पण आमच्याकडे संस्थेच्या पुण्यातल्या मुख्य कार्यालयानं नवीन पद्धत आणली होती ना! कुणाचंही यंत्र बिघडलं की त्यानं मोबाईलवरून तक्रार नोंदवायची, तक्रार आल्याशिवाय आम्ही कशाला हात लावायचा नाही. त्या पद्धतीला मी वर्षभर शिव्या घातल्या. शेजारच्या टेबलावरचा माणूस हाक मारून सांगू शकतो ते त्यानं मोबाईलमध्ये लिहायचं, ते पुण्याला जायचं, पुण्याहून माझ्याकडं यायचं, तोपर्यंत तो आणि मी एकमेकांकडं बघत बसायचं. पण हैबतीच्या बाबतीत मला तो नियम फार सोयीचा पडला. मनात म्हणायचो, घंटेची तक्रार कुठं आलीय? येऊ दे तक्रार, लगेच जातो. आणि हैबती मरेपर्यंत तक्रार करणाऱ्यांतला नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

नूतन मला सांगायची, "तेवढं जाऊन बोला की त्यास्नी. तुमचं काय झिजतंय?" मी म्हणायचो, त्यानं आधी बोलावं. बायकांनी मात्र काही सोडलं नाही. हैबतीची गाय व्याली की त्याच्या घरून सोजरावहिनी एसटीच्या कंडक्टरबरोबर खरवसाचा डबा पाठवायच्या. नूतन डबा रिकामा कसा पाठवणार? त्यात लाडू जायचे. म्हणजे घरं बोलत होती. त्या खरवसाच्या वड्या मी खात होतो, तो लाडू खात असणार, आणि सकाळी फाटकातून आत येताना मी मोबाईलकडं बघायचो आणि तो जांभळीकडं.

आणखी एक सांगतो आणि मग आवरतं घेतो. त्यानंतर राजकारणात जे झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. माझा पुढारी आणि त्याचा पुढारी एका व्यासपीठावर आले. एकमेकांच्या गळ्यात हार घातले, मिठी मारली. तो फोटो मला आला तेव्हा मी आधी काय केलं असेल? सावल्या तपासल्या. मोठा करून, कोपरा न् कोपरा तपासला. सावल्या एकाच दिशेला होत्या. फोटो खरा होता.

त्या दिवशी मी फाटकापर्यंत गेलो होतो. हैबतीच्या हातातही मोबाईल होता. तोही तोच फोटो बघत असणार. मला वाटलं, आता हा हसेल. तो हसला असता तर मीही हसलो असतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. ज्यांच्यासाठी भांडलो ते मिठी मारून मोकळे झाले, आणि आम्ही दोघं तिथं उभे. लाज वाटली हो. दोघांनाही वाटली असावी. मी वळून आत आलो.

दर खंडेनवमीला मात्र तोरण्यावर ताजं हळदीकुंकू असतं. ताजी झेंडूची माळ असते. बंद ठेवलेल्या यंत्राला. ती कोण घालतं हे मी कधी विचारलं नाही. खोलीची एक किल्ली माझ्याकडं आणि दुसरी फाटकावर असते, एवढं मला माहीत आहे. गेल्या दसऱ्याला ती माळ बघून मी बराच वेळ तिथं उभा होतो. बटणापर्यंत हात नेला. पण नारळ फुटल्याशिवाय मी एकटा कसा दाबणार? त्याचा मान होता तो.

आज संध्याकाळी माझा पासवर्ड बंद होणार. उद्यापासून कुठल्याही तक्रारीवर माझं नाव येणार नाही. माझ्या जागी येणारा नवीन मुलगा हुशार आहे, तो जुनं सगळं काढून नवीन घंटा बसवील, बसवावीच. तोरण्याला भंगारवाल्याला देऊ नका एवढी विनंती आहे, मी गोठ्यात नेईन. तेरावा म्हणून बांधीन. नूतनने कपाळाला हात लावला, दिसतंय.

मला या संस्थेनं खूप दिलं. यंत्रं दुरुस्त करता आली, त्यांच्यावर चिडता आलं, चिडलेलं तुम्ही सहन केलंत. पण इथून जाताना माझ्या मनात एकही कॉम्प्युटर नाही. गेनबाची टपरी आहे. तिथं मी आता एकटा चहा पितो. गेनबानं एकदा विचारलं होतं, "आज कोन हारलं?" मी पैसे ठेवून निघून आलो.

सुट्टी संपली असेल एव्हाना. नाही? प्रेरणा मॅडम, किती वाजले? मग घंटा कशी झाली नाही? इतक्या वर्षांत हैबतीची घंटा कधी चुकली नाही. मुलं बाहेरच दिसतायत. कुणीतरी बघा जरा, त्याला बरं नाहीये, खांदा...

एक मिनिट. हे घड्याळ थरथरतंय. पुन्हा उभं राहा म्हणत असेल, मी उभाच आहे रे बाबा. माफ करा, चष्मा.

अध्यक्षमहोदय, तक्रार आली आहे.

पुण्याला जाऊन आली. रीतसर. तुमची परवानगी असेल तर वाचतो. तक्रारदाराचं नाव, हैबती. विभाग, फाटक. तक्रार, जशी लिहिलीय तशी वाचतो: 'घंटा बंद हाय. खांदा लई दुकतो. कर्न्यातनं समदं आयकलं. तुला नारळ मिळालाय तो घिऊन ये, म्या फोडतो. बटन तू दाब.'

...

पाणी द्या जरा.

आप्पा, मॅडम, भाषणात ज्यांचे आभार मानायचे होते त्यांची नावं राहिली. ग्रंथालय राहिलं, परीक्षा विभाग राहिला, भोरच्या आपल्या शाखेतली मंडळी एवढ्या लांबून आली त्यांचे आभार राहिले. सगळ्यांचे एकदमच मानतो, मनापासून मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल तर ते पोटात घाला. शाल इथं ठेवतो, नूतन, सांभाळ. नारळ घेऊन जातो.

भाषण अर्धवट सोडून व्यासपीठावरून उतरतोय, हे सभेच्या रीतीला धरून नाही, कळतंय मला. पण तक्रार आली की लगेच जायचं, हा नियम मुख्य कार्यालयाचा आहे.

तोरण्या इतकी वर्षं बंद आहे. चालू होईल की नाही, खरं सांगतो, मला माहीत नाही. तुम्ही सगळे जागेवर बसा. घंटा वाजली तर मुलांना वर्गात पाठवा. आणि बटण दाबूनही नाही वाजली, तर रुळाचा आवाज येईल. तो जोरात आला तर दचकू नका. हातोडा माझ्या हातात असेल.

धन्यवाद. आलो रे हैबती, आलो.